तेवीस नावांचं रान

प्रश्न डोंबिवलीहून आला आहे. दोडामार्ग तालुक्यात या गृहस्थांच्या घराण्याचं साडेअकरा हेक्टर सामायिक रान आहे. सातबाऱ्यावर २३ नावं, त्यातली बहुतेक मुंबई-ठाण्यात. गावात एकटा चुलता राहतो. गेल्या शिमग्याच्या सुमारास त्यांच्या हद्दीवर फासकीत अडकून बिबट्या मेला. रात्री बंदुकीचे बार ऐकू येतात, असं चुलता सांगतो. समोरचा डोंगर रबरासाठी बोडका झाला, आणि आता एक दलाल चुलत्याच्या खळ्यात येऊन बसू लागला आहे. “शिकार थांबवायची कशी आणि रान राखायचं कसं?” असं त्यांनी विचारलं आहे.

तुम्ही दोन प्रश्न एका दमात विचारलेत आणि शिकारीचा आधी विचारलात. सगळेच तसं करतात, कारण बाराचा आवाज येतो. साठेखताचा येत नाही. या पट्ट्यात बावीस वर्षं वनखातं, तलाठी आणि भाऊबंदकी यांच्यात हेलपाटे घालून माझं मत असं झालं आहे की क्रम उलटा लावावा. आधी सातबारा, मग फासकी.

कारण सांगतो. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ सालचा. तो अभयारण्यात लागू आहे तसाच तुमच्या काजूच्या बागेतही लागू आहे. भेकर तुमच्या परसात येऊन उभं राहिलं तरी ते तुमचं होत नाही, आणि मारलं तर गुन्हाच. पण ते भेकर ज्या रानात राहतं ते रान मात्र तुमचं आहे. गडचिरोली-चंद्रपूरला जंगल म्हटलं की वनखात्याचं, हे गृहीत असतं. सिंधुदुर्गात जंगलाचा फार मोठा भाग मालकीचा आहे. म्हणजे जनावराला कायद्याचं कवच आहे आणि त्याचं घर मात्र तेवीस जणांच्या सह्यांवर उभं आहे. शिकाऱ्याने एक डुक्कर मारलं तर पुढच्या पावसाळ्यानंतर रानात दुसरं असतं. जेसीबीने डोंगर टप्पे-टप्पे कापला की मारायलाही काही उरत नाही.

तर पहिलं काम कागदाचं. नुसता चालू सातबारा नको. आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), आणि मिळतील तितके मागचे फेरफार, म्हणजे मालकीतल्या बदलांच्या नोंदी, काढा. बरेच जण सातबाऱ्यावरची नावं बघतात आणि ‘इतर हक्क’ हा रकाना सोडून देतात. खरी गंमत त्या रकान्यात असते. तिथे एखाद्या कुळाचं नाव असेल, बँकेचा बोजा असेल किंवा ‘खाजगी वन’ असा शेरा असेल. महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाखाली ३० ऑगस्ट १९७५ रोजी अशी बरीच जमीन शासनाकडे गेली. त्यातल्या कित्येक प्रकरणांचे वाद अजून चालू आहेत. तुमच्या रानावर तो शेरा असेल तर पुढचं काही करण्याआधी वकील गाठा, कारण मग मालक कोण हाच प्रश्न आधी सुटायला हवा.

दुसरा शेरा वनसंज्ञेचा. हा शब्द आमच्याकडे शिवीसारखा उच्चारतात. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन प्रकरणात सांगितलं की जंगल म्हणजे शब्दकोशात जे जंगल ते, मालक कोणीही असो. त्यानंतर राज्यांनी अशा जमिनींच्या याद्या केल्या आणि इथल्या कित्येकांच्या सातबाऱ्याला ही संज्ञा चिकटली. केंद्राच्या मंजुरीशिवाय तिथे जंगलाखेरीज दुसरा वापर करता येत नाही. घर बांधायला निघालेल्या माणसाचा यावरचा राग मला कळतो. पेरायच्या वरकस जमिनीलाही कुठेकुठे ही संज्ञा लागली, ती चूक दुरुस्त व्हायलाच हवी. पण तुमच्यासारख्याला रान राखायचंच असेल तर हा शेरा म्हणजे फुकटात मिळालेलं कुंपण आहे. २०२३ साली वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि नोंद नसलेली जंगलं त्यातून सुटतील अशी भीती निर्माण झाली. मग १९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशात जुनी व्याख्याच चालू ठेवायला सांगितली. तेव्हा “वनसंज्ञा काढून देतो, खर्च आमचा” म्हणत कोणी आला तर त्याला चहा द्या आणि वाटेला लावा. तो खर्च कशातून वसूल करणार आहे हे उघड आहे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. सामायिक जमिनीत तेवीस जणांपैकी कोणीही एक जण आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे विकत घेणारा त्याच्या जागी येऊन उभा राहतो. वाटप झालेलं नसतं, म्हणून रानाच्या कुठल्याही कोपऱ्याकडे बोट दाखवून तो म्हणू शकतो, यात माझंही आहे. दलालांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. ते गावातल्या चुलत्याकडे बसतात ते माहिती काढायला. कोण कुठे आहे, कोणाला पैशाची नड आहे, कोणी गेली पंचवीस वर्षं गाव पाहिलेलं नाही, हे सगळं त्यांना तिथे कळतं. सही मात्र ते कांदिवलीच्या चौथ्या मजल्यावर घेतात. कधी विसार देऊन साठेखत करतात, कधी नुसतं कुलमुखत्यारपत्र लिहून घेतात.

असं एक प्रकरण मी जवळून पाहिलं. नऊ हेक्टरांचं रान, सतरा हिस्सेदार. एका बहिणीच्या मुलाने हिस्सा विकला. त्याला जमीन कुठे आहे हेही माहीत नव्हतं. घेणाऱ्याने दुसऱ्याच महिन्यात “माझ्या हिश्श्यात जायला वाट हवी” म्हणून रस्ता पाडला. रस्ता झाला तसे ट्रक आले. बाकीच्या सोळा जणांनी दिवाणी न्यायालयातून मनाई मिळवली, पण तोवर ऐन आणि किंजळ गेले होते, उरली होती ती कारवी आणि ठेकेदाराच्या चुलीची राख. आदेशाचा कागद त्यांच्याकडे अजून आहे.

यावर उपाय आहेत, पण सगळे वेळेवर करण्याचे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे, बापामागे एकदम वारस झालेल्या भावाबहिणींपैकी कोणी आपला हिस्सा विकायला काढला तर बाकीच्यांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो. शेतजमिनीलाही हे लागू आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. मात्र हा हक्क चुलत-चुलत भावांपर्यंत ताणता येत नाही. म्हणून तेवीस जणांत आपसात नोंदणीकृत करार करून घ्यावा: विकायचं झालं तर आधी घरात विचारायचं, अमुक महिन्यांची मुदत द्यायची, किंमत ठरवायची पद्धत ही. वकिलाकडून नीट लिहून घ्या. हस्तलिखित कागदावर सगळ्यांनी सह्या करून देव्हाऱ्यात ठेवलेले करार मी पाहिलेत, त्यांचा उपयोग देवालाच.

शिवाय फेरफारावर नजर ठेवा. विक्रीची नोंद धरली की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला पंधरा दिवस मिळतात. नोटीस जाते गावच्या पत्त्यावर, आणि तो पत्ता बहुधा पडक्या घराचा असतो. ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावानुसार चालू फेरफार दिसतात. तुमच्यातल्या एखाद्या नातवंडाला दर रविवारी ते उघडून पाहायचं काम लावा. दहा मिनिटं लागतात. घेणारा शेतकरी आहे का, हेही तपासा. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि दलाल कुठल्यातरी शेतकऱ्याचं नाव पुढे करतात ते त्यासाठीच.

एक गोष्ट मनाला लावून घेऊ नका, पण ऐका. विकणारा चुलतभाऊ खलनायक नसतो. त्याच्या मुलीचं शिक्षण असतं, कुणाचं डायलिसिस चालू असतं, आणि तुमच्या रानातून त्याला गेल्या चाळीस वर्षांत एक फणससुद्धा मिळालेला नसतो. शेजारी गोव्यात मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि आमच्याकडे जो-तो गुंठ्याच्या भाषेत बोलायला लागला. अशा वेळी “पूर्वजांची जमीन” एवढं बोलून भागत नाही. ज्याला निघायचं आहे त्याला घरातच विकत घेऊन मोकळा करा. चार जणांनी मिळून हिस्सा घेतला तरी चालतो. नावं २३ ची १५ झाली तर रान जास्त सुरक्षित, असं मी म्हणेन.

रान कायमचं बांधून ठेवायचे मार्गही लोक विचारतात. परदेशात जमिनीवर ‘इथे बांधकाम नाही’ असा पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा करार नोंदवता येतो, तशी सरळ सोय आपल्याकडे नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ३६-सी खाली खासगी किंवा गावाच्या जमिनीवर, मालकांच्या राजीखुशीने, ‘समुदाय राखीव क्षेत्र’ जाहीर होऊ शकतं. जाहीर झाल्यावर समितीच्या ठरावाशिवाय आणि शासनाच्या मंजुरीशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. कागदावर उत्तम. पण तेवीस जणांची ‘हो’ आणि ग्रामपंचायतीची साथ मिळाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. अर्धवट राहिलेला प्रस्ताव दलालाच्या पथ्यावर पडतो, तो घाबरलेल्या हिस्सेदाराला सांगतो, “सरकार जमीन घेणार आहे, आत्ताच विका.” सार्वजनिक न्यास हा दुसरा मार्ग. न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, हा मोठाच आडसर. पण न्यास शेतकरी नसतो, म्हणून जमीन त्याच्या नावावर करतानाच जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

सगळे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं नाव घेतात, म्हणून सांगतो. तिथे वनहक्क कायद्याखाली २००९ साली मिळालेला सामूहिक हक्क सरकारी वनावरचा आहे, तो कायदा तुमच्या मालकीच्या रानाला लागू पडत नाही. त्याच गावाने पुढे २०१३ मध्ये आपल्या खासगी जमिनीही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेकडे द्यायचं ठरवलं, ते पाऊल तुमच्या प्रश्नाच्या जास्त जवळचं आहे. कोकणातल्या भावकीत हे होईल का? मला हसू आलं, माफ करा.

त्यापेक्षा जवळचं उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातलं आहे. संगमेश्वरकडे ‘अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने खासगी रानांच्या मालकांशी ठरावीक वर्षांचे करार केले: तोड करायची नाही, त्याबदल्यात मोबदला किंवा गावाच्या उपयोगाचं काम. बेहड्याच्या फळांना प्रमाणपत्र मिळवून चांगल्या दरात विकायचं कामही त्यांनी उभं केलं. बेहडा ध्यानात ठेवा. जुन्या, पोकळ ढोलीच्या बेहड्यावर धनेश घरटं करतो, आपल्याकडे त्याला कोणी ककणेर म्हणतं, कोणी गरुड. मादी ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते आणि नर तिला फटीतून फळं भरवतो. लाकूडतोड्या ठेकेदाराच्या लेखी पोकळ झाड म्हणजे जळाऊ माल, दर कवडीचा. म्हणजे रानातलं सगळ्यात मोलाचं झाड सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्वस्तात जातं. तुमच्या रानात अशी किती झाडं आहेत ती मोजून घ्या, खोडावर क्रमांक टाका, फोटो ठेवा. उद्या तोड झालीच तर ‘झाडं होती’ हे सिद्ध करायला तोच पुरावा. खासगी जमिनीवरची तोडही परवानगीशिवाय होत नाही, त्यासाठी १९६४ पासून स्वतंत्र कायदा आहे.

समोरच्या रबराचं काय, हेही तुमच्या पत्रात आहे. लागलेलं रबर तुम्ही उपटू शकत नाही. पण नवीन तोड दिसली तर गप्प बसू नका. सावंतवाडी-दोडामार्ग हा वन्यप्राण्यांचा जोडपट्टा आहे, कोयना-चांदोलीकडून तिळारीमार्गे गोव्याच्या म्हादईकडे आणि पुढे कर्नाटकात कालीकडे वाघांची ये-जा याच डोंगरांतून होते. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीच्या पर्यावरण-संवेदनशील गावांच्या यादीत दोडामार्गची गावं आलीच नाहीत. ती का आली नाहीत यावर इथे प्रत्येकाची एक गोष्ट आहे. ‘वनशक्ती’ आणि ‘आवाज फाउंडेशन’ या संस्था न्यायालयात गेल्या, मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये या पट्ट्यातल्या वृक्षतोडीला बंदी घातली आणि मार्च २०२४ मध्ये २५ गावं संवेदनशील जाहीर करण्याची प्रक्रिया चार महिन्यांत संपवायला सांगितली. तुमचं गाव त्या यादीत आहे का ते बघा. असेल तर तोडीच्या तक्रारीत त्या आदेशाचा उल्लेख करा, कागद जरा लवकर हलतो. २०२० साली तिळारीचं २९.५३ चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र झालं, ते चांगलंच झालं, पण ते शासनाच्या जमिनीवर आहे. दोन सरकारी तुकड्यांच्या मधलं रान तुमच्यासारख्यांचं.

आता फासकीकडे वळतो.

‘शिकारी’ हा एक शब्द आपण तीन वेगळ्या माणसांना लावतो. पहिला तुमचा शेजारी, ज्याचं नाचणीचं किंवा केळीचं शेत डुकरांनी नांगरलं. दुसरी रात्री बॅटऱ्या घेऊन निघणारी टोळी, ज्यात दोन गावचे, दोन बाजारपेठेतले आणि शनिवारी आलेला एखादा पाहुणा असतो. त्यांना मटण आणि मर्दुमकी दोन्ही हवी असतात. शिमग्याच्या दिवसांतली जुनी पारध आता बहुतेक यांच्याच हातात गेली आहे. तिसरा खवले मांजराच्या मागावरचा, जो मांस खात नाही, खवल्यांचा सौदा करतो. तिघांनाही एकच औषध दिलं तर पहिला तुमचा शत्रू होतो आणि तिसरा निसटतो.

तुमच्या हद्दीवरचा बिबट्या जवळजवळ नक्की पहिल्याच्या फासकीत मेला. मोटारसायकलच्या क्लच-ब्रेकच्या तारेचा फास, डुकराच्या वाटेवर लावलेला. डुक्कर येतं त्याच वाटेने बिबट्याही येतो, कारण गडग्यातली फट सगळ्यांना एकच असते. कंबरेला फास बसला की बिबट्या जितका ओढतो तितका फास आवळतो. लावणाऱ्याने बिबट्याचा विचारही केलेला नसतो. कायद्याला मात्र याचं सोयरसुतक नाही. शिकारीच्या व्याख्येत फास लावणं येतं, आणि प्रयत्न हाही गुन्हाच. बिबट्या अनुसूची एकमधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतला, त्यासाठी किमान तीन ते कमाल सात वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड.

म्हणून त्या शेजाऱ्याकडे तक्रारीआधी उपाय घेऊन जा. पिकाचं नुकसान करणाऱ्या रानडुकराबाबत कलम ११ खाली अधिकृत परवानगी मिळू शकते. नुकसानभरपाई मिळते, पण अर्ज लगेच करावा लागतो, फोटो आणि पंचनामा नसेल तर काही मिळत नाही. सौरकुंपणाला अनुदान देण्याची योजना वनखात्याकडे आहे, यंदा तालुक्याला पैसे आलेत का ते विचारून घ्या. अशा कुंपणाला जोडलेल्या झटका मशीनचा झटका क्षणाचा असतो, जनावर मागे फिरतं. काही जण थेट विजेच्या खांबावरून आकडा टाकून तार सोडतात, त्यात माणसं मेली आहेत, पहाटे लोटा घेऊन निघालेली. हे कोणी करत असेल तर मात्र भीड ठेवू नका. तुम्ही मुंबईकर म्हणून त्याचे अर्ज टाईप करून दिलेत, ऑनलाइन भरून दिलेत, तरी फासकी निम्मी कमी होईल. माझ्या पाहण्यात दोन वाड्यांमध्ये असंच झालं.

भरपाईला उशीर झाला की काय होतं, हे गोव्यात दिसलं. जानेवारी २०२० मध्ये सत्तरी तालुक्यात गोळावलीजवळ वाघीण आणि तिची तीन पिल्लं मेलेली सापडली. वाघाने मारलेल्या गुरावर विष घातल्याचं तपासात पुढे आलं. कातड्याचा व्यापार नव्हता, गुरं गेलेल्या माणसाचा राग होता. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै २०२३ मध्ये तिथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितलं, त्यावरून अजून वाद चालू आहे. चार वाघ मात्र एका गुराच्या मुडद्याने संपले.

फासकी शोधायची कशी? पाऊस संपल्यावर आणि पुन्हा काजूच्या हंगामाआधी हद्दीने पूर्ण फेरी मारा. गडग्याच्या फटी, वईतली भोकं, पाणवठ्याकडे उतरणाऱ्या वाटा बघा. ताज्या तोडलेल्या ढाळ्या दोन्ही बाजूंना टाकून जनावराची वाट अरुंद केलेली दिसली तर तिथे थांबा. फास दिसला की उपटून खिशात घालायचा मोह होतो. आधी जागेच्या खुणेसह फोटो, मग वनरक्षकाला फोन, तो येऊन पंचनामा करील. वनरक्षक फोन उचलत नसेल तर वनखात्याची १९२६ ही मदतवाहिनी चोवीस तास चालू असते, तिथल्या तक्रारीची नोंद होते. आणि फासात जनावर जिवंत असेल तर तुमचं काम एकच, माणसं लांब ठेवणं. मोबाइल वर करून जवळ जाणारी गर्दी, बॅटरीचा झोत, आरडाओरडा, यांनी बिबट्या झेपा घेतो आणि तार आत रुतते. बेशुद्धीचं इंजेक्शन घेऊन पथक येईपर्यंत तास-दोन तास लागतात. तेवढा वेळ रान शांत राहिलं तर तो वाचतो. गेल्या काही वर्षांत मी दोन वाचलेले पाहिले, मेलेले जास्त.

तुम्हाला सुचलं नसेल असं एक काम: वनक्षेत्रपालांना आजच रजिस्टर पत्र पाठवा. आमच्या अमुक गट क्रमांकात शिकारीला, फास लावायला, रात्री प्रवेशाला आम्ही कोणालाही परवानगी दिलेली नाही, असं त्यात लिहा. पंचनाम्यात पहिला प्रश्न येतो जमीन कोणाची, आणि मग नोटीस सातबाऱ्यावरच्या पहिल्या नावाला जाते. ते नाव सत्त्याऐंशी वर्षांच्या आत्याचं असेल तर तिची झोप उडते. पत्राची पोच हातात असली की बोलणं सोपं जातं. पुढे तक्रार करूनही काहीच हाललं नाही, तर कलम ५५ प्रमाणे साठ दिवसांची नोटीस देऊन कोणाही नागरिकाला थेट न्यायालयात फिर्याद करता येते. ही तलवार म्यानात असलेली बरी, पण आहे हे वनखात्याला कळू द्यावं.

बंदूकवाल्या टोळीच्या मागे रात्री जाऊ नका. चुलत्यालाही जाऊ देऊ नका. डुक्कर समजून माणसाला लागलेल्या गोळीच्या बातम्या आमच्याकडे नव्या नाहीत. बार ऐकला की वेळ आणि दिशा वहीत लिहा, एवढंच. महिन्याभराच्या नोंदीवरून वार कळतो, वाट कळते, गाडी कुठे उभी राहते ते कळतं, आणि ते कळलं की गस्त लावता येते. यातल्या पुष्कळ बंदुका शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या असतात. परवाना डुक्कर पळवायला दिलेला असतो, साळिंदर मारायला नव्हे, आणि परवाना जाण्याची भीती गुन्ह्याच्या भीतीपेक्षा मोठी असते. पोलीस ठाण्यात नावानिशी आरोप करण्यापेक्षा ‘या भागात रात्री गोळीबार होतो’ एवढी लेखी माहिती वारंवार दिली तर काम होतं. खवले मांजराचा संशय असेल तर मात्र गावात कोणाशीही न बोलता थेट वनखात्याच्या वरच्या अधिकाऱ्याला गाठा. या धंद्यात बातमी फुटली की सौदा दुसऱ्या तालुक्यात होतो.

गावाकडून काय मिळेल? ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती आहे, कारण हरित न्यायाधिकरणाने जानेवारी २०२० ची मुदत दिली होती आणि ठेकेदारांनी धडाधड वह्या भरल्या. आमच्या जवळच्या एका डोंगराळ गावाच्या वहीत समुद्रातले मासे नोंदलेले मी वाचले आहेत. तुमच्या गावाची वही मागा आणि तुमचं रान, त्यातली झाडं, ढोल्या, पाणवठे त्यात घालायला लावा. याच तालुक्यात बांबर्ड्याला देवराईतली रानजायफळाची दलदल आहे, अडीच हेक्टरांच्या आसपास. २०२१ मध्ये तिला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. लहान जागेलाही नाव मिळतं, तिथे काय आहे हे आधी कोणीतरी लिहून ठेवावं लागतं.

राहता राहिला चुलता. सगळा डोलारा त्याच्यावर आहे आणि तुमच्या पत्रात त्याच्यासाठी एक ओळ आहे. दलाल त्याच्या खळ्यात बसतो, कारण दुसरं कोणी येऊन बसत नाही. हिशेब करा: तेवीस जणांनी महिन्याला ५०० रुपये काढले तर ११,५०० होतात. एवढ्यात चुलत्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला राखणदार नेमता येतो. आठवड्यातून दोन फेऱ्या, जानेवारीत हद्दीने जाळरेषा (वणवा अडवायला मोकळा केलेला पट्टा), उन्हाळ्यात वणव्यावर नजर, बाराची वही. चुलत्याला पैसे नको असतील, तर त्याच्या कौलांचं बघा. पण रान राखायचा भार जो उचलतो त्याला ते काम म्हणून द्या, उपकार म्हणून नको.

हे सगळं बोलायला तेवीस जण एकत्र कधी येणार, तर चतुर्थीला. वर्षातून तेवढीच एक वेळ असते जेव्हा सगळी नावं गावात हजर असतात आणि कोणाला कामावर जायचं नसतं. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बसा, भजनाच्या आधी. बसण्यापूर्वी सकाळी सगळ्यांना रानातून फिरवून आणा, विशेषतः ज्यांनी ते कधी पाहिलंच नाही त्यांना. जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी जवळ ठेवा. बैठकीला सातबारा, फेरफार आणि मयत नावांची यादी न्या. २३ मधली किती माणसं हयात आहेत ते आधी मोजा. माझा अंदाज, सात-आठ तरी नसतील, आणि त्यांच्या वारसांची नोंद लागेपर्यंत वर लिहिलेल्या करारावर सही करायला माणूसच नाही. म्हणून वारस-नोंदीचे अर्ज आजच टाका. चतुर्थीपर्यंत होतील अशी खात्री नाही, तलाठ्यांचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण टेबल तेच आहे.